आगगाडी आणि शाळा : नाना शंकरशेट यांचे जीवनचरित्र



आपली हुबळी ही रेल्वेची नगरी आहे, हे बालवर्गातील मुलांनाही ठाऊक असते. २००३ पासून दक्षिण पश्चिम रेल्वेचे मुख्यालय येथे आहे. २०२३ साली येथील स्थानकावर सुमारे दीड किलोमीटर लांबीच्या, जगातील सर्वांत लांब अशा फलाटाचे उद्घाटन झाले. रेल्वेचा कारखाना तर एकोणिसाव्या शतकापासूनचा. आपल्या मराठी समाजातील कितीतरी घरांचा संसार या कारखान्याच्या भोंग्यावर चालला. कुणाचे आजोबा फिटर, कुणाचे पणजोबा गार्ड, कुणाचे फायरमन.

परंतु ही आगगाडी आपल्या देशात यावी म्हणून सर्वांत आधी धडपडणारा मराठी माणूस कोण, असे विचारले तर वर्गात शांतता पसरते. नाना शंकरशेट हे नाव कानावरून गेलेले असते, त्यापलीकडे फारसे काही सांगता येत नाही. म्हणून या अंकात त्यांचे चरित्र देण्याचे आम्ही योजले आहे. हे चरित्र रेल्वेवर संपत नाही. ते आपल्या शाळेच्या दारापर्यंत येते, आणि तेच आम्हांला विशेष सांगायचे आहे.

जन्म आणि व्यापार

जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराण्याचे आडनाव मुरकुटे. दैवज्ञ ब्राह्मण ज्ञातीचे हे व्यापारी घराणे मुंबईत स्थायिक झाले होते. वडील शंकरशेट हे मुंबईच्या मातबर सावकारांत गणले जात. आईचे नाव भवानीबाई. आईचे छत्र नानांच्या लहानपणीच हरपले. वडिलांनी मुलाच्या शिक्षणात कसूर केली नाही. घरीच शिक्षक ठेवून मराठी, संस्कृत आणि इंग्रजीची व्यवस्था केली. ज्या काळी मुंबईत इंग्रजी जाणणारे हिंदी गृहस्थ मोजकेच होते, त्या काळची ही गोष्ट आहे.

१८२२ साली वडील वारले. नाना तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे. एवढ्या वयात मोठी पेढी अंगावर पडली, पण ती त्यांनी नुसती सांभाळली नाही, वाढविली. त्यांची पत अशी होती की अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धा आपली रक्कम त्यांच्याकडे निर्धास्तपणे ठेवीत, असे सांगतात. पैसा पुष्कळांनी मिळविला. नानांचे वेगळेपण असे की या पतीचा उपयोग त्यांनी लोकांच्या कामासाठी केला. सरकारदरबारी त्यांचा शब्द ऐकला जाई आणि गिरगावातील सामान्य माणसालाही त्यांच्या वाड्याचे दार उघडे असे.

शाळांचा पाया

१८१९ ते १८२७ या काळात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या प्रोत्साहनाने १८२२ साली मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी एक मंडळी स्थापन झाली. पुढे ती बॉम्बे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी या नावाने प्रसिद्ध झाली. सदाशिव काशिनाथ छत्रे यांच्यासारखे विद्वान तिचे काम पाहत. नाना ऐन विशीत असल्यापासून या कामाचे आधारस्तंभ होते.

येथे विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. शाळा काढायची तर पुस्तके हवीत, आणि मराठीत गणिताची, भूगोलाची, शास्त्राची छापील पुस्तके तेव्हा जवळजवळ नव्हतीच. जॉर्ज जर्विस या इंग्रज अधिकाऱ्याने गणिताची पुस्तके मराठीत आणण्याचे मोठे काम केले. छत्रे यांनी मुलांसाठी गोष्टींची पुस्तके सिद्ध केली. आज आपण दप्तरात सहज टाकतो त्या मराठी पाठ्यपुस्तकाची वंशावळ तिथपर्यंत जाते.

१८२७ साली एल्फिन्स्टन साहेब निघाले, तेव्हा मुंबईकरांनी त्यांच्या स्मरणार्थ दोन लाखांहून अधिक रुपयांचा निधी जमविला. त्यातून पुढे एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. या निधीसाठी झटणाऱ्यांत नाना पुढे होते. १८४० साली सरकारने शिक्षणासाठी बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमले, त्यावर नाना आले आणि सोळा वर्षे राहिले. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या कामातही त्यांचे साहाय्य होते. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये त्यांचे नाव होते.

मुलींच्या शिक्षणाची कथा याहून धाडसाची आहे. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी एक ज्ञानप्रसारक सभा काढली आणि पुढच्याच वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या. मुलगी शिकली तर घराण्यावर संकट येते, असे उघडपणे बोलण्याचा तो काळ. अशा वेळी नानांनी आपल्या गिरगावच्या वाड्याच्या आवारात मुलींच्या शाळेला जागा दिली. शेटजींच्याच आवारात शाळा भरते म्हटल्यावर टीका करणाऱ्यांची जीभ आपोआप आवरली. सतीची चाल बंद करण्याच्या १८२९ च्या कायद्यालाही त्यांचा पाठिंबा होता.

वाफेचे स्वप्न

आता आगगाडीकडे वळू. १८२५ साली इंग्लंडमध्ये स्टॉकटन ते डार्लिंग्टन या मार्गावर आणि १८३० साली लिव्हरपूल ते मँचेस्टर या मार्गावर वाफेच्या गाड्या धावू लागल्या. ही वार्ता मुंबईस येऊन पोहोचली. १८४३ च्या सुमारास जॉर्ज क्लार्क या सरकारी अभियंत्याने मुंबईपासून घाटाकडे लोहमार्ग नेण्याची कल्पना मांडली. नानांनी ती उचलून धरली. १८४५ साली सर जमशेटजी जीजीभॉय आणि नाना यांच्या पुढाकाराने इंडियन रेल्वे असोसिएशन उभी राहिली. तिकडे इंग्लंडातही कंपनी उभारण्याची खटपट चालू होती. दोन्ही प्रयत्न एकत्र आले आणि १ ऑगस्ट १८४९ रोजी ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी अस्तित्वात आली. तिच्या दहा संचालकांत हिंदी माणसे दोनच होती : जमशेटजी आणि नाना.

या कामात नानांनी पैसा, वेळ आणि आपली प्रतिष्ठा तिन्ही पणाला लावली. वाफेच्या गाडीविषयी लोकांत तऱ्हेतऱ्हेच्या अफवा होत्या. घोडे नाहीत, बैल नाहीत, मग ही चालते कशी, असे कोडे त्यांना पडे. अशा वेळी ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात असा आपला माणूस पुढे उभा असणे फार मोलाचे होते. रेल्वेच्या सुरुवातीच्या कचेरीसाठी नानांनी आपल्या वाड्यातच जागा दिली असे सांगितले जाते.

बैलाशिवाय गाडी चालते कशी, हा त्या काळच्या लोकांचा प्रश्न आपल्या मुलांनाही पडतो. मागील सत्रात आम्ही वरच्या वर्गांतील मुलांना येथील रेल्वे संग्रहालय पाहण्यास नेले, तेव्हा तो पुन्हा निघाला. २०२० च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेले हे संग्रहालय गदग रस्त्याच्या बाजूस आहे. तेथील दोन जुन्या बंगल्यांना मलप्रभा आणि घटप्रभा अशी आपल्या नद्यांची नावे दिली आहेत. अंगणात अरुंद मापाचे वाफेचे इंजिन उभे आहे. मुलांनी त्याभोवती कडे केले आणि विजेची तार नाही, डिझेलची टाकी नाही, तर हे चालते कसे, म्हणून आम्हांला भंडावून सोडले.

उत्तर सोपे आहे. इंजिनाच्या मागील भागात भट्टी असते. तिच्यात फायरमन फावड्याने कोळसा टाकतो. भट्टीतला तप्त धूर बॉयलरमधील नळ्यांतून पुढे जातो आणि नळ्यांभोवतीचे पाणी उकळते. पाण्याची वाफ झाली की तिला कितीतरी पट जागा लागते. बॉयलर बंद असल्याने ती दाबाखाली कोंडली जाते. चालकाने दांडा ओढला की ही वाफ सिलिंडरमध्ये शिरते आणि दट्ट्याला एकदा पुढे, एकदा मागे ढकलते. दट्ट्याला जोडलेला लोखंडी दांडा चाक फिरवितो. काम झालेली वाफ धुराड्यातून बाहेर पडते, तोच तो झुक-झुक आवाज. चहाच्या किटलीचे झाकण उडविणारी शक्तीच शेकडो माणसांना ओढून नेते, हे कळल्यावर मुलांच्या डोळ्यांत जे तेज आले, ते पुस्तकाच्या पानावरून येत नाही.

१६ एप्रिल १८५३

लोहमार्गाचे काम १८५० च्या ऑक्टोबरअखेर सुरू झाले. जेम्स बर्कले हे मुख्य अभियंता होते. अखेर शनिवार, १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि पुढे साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिने. चौतीस किलोमीटरचे ठाणे तिने तास-सव्वा तासात गाठले. त्या गाडीच्या मानकऱ्यांत नाना होते. ती तीन इंजिने आज कोणत्याही संग्रहालयात पाहावयास मिळत नाहीत. मात्र १८५५ साली इंग्लंडात बांधलेले, पूर्व भारतातील रेल्वेवर धावलेले फेअरी क्वीन हे इंजिन भारतीय रेल्वेने जपून ठेवले आहे.

ठाण्याच्या पुढे खरी परीक्षा होती. सह्याद्री ओलांडल्याशिवाय देशावर जाता येत नव्हते. बोरघाटात डोंगर फोडून बोगदे खणले गेले, दऱ्यांवर पूल बांधले गेले. हजारो मजूर उन्हापावसात राबले. पटकी, तापाच्या साथी आणि अपघात यांत कित्येक हजार बळी गेले. त्यांची नावे कुठल्या शिळेवर कोरलेली नाहीत. १८६३ साली बोरघाट खुला झाला, तो दिवस पाहण्याचे भाग्य नानांना लाभले. आपण खंडाळ्याच्या बोगद्यातून जाताना हौसेने ओरडतो, तेव्हा त्या अनाम मजुरांचीही आठवण ठेवावी.

इंग्रजांनी रेल्वे आपल्या भल्यासाठी आणली, असा समज कोणी करून घेऊ नये. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता आणि फौजेची ने-आण लवकर व्हायला हवी होती. या कापसाच्या कहाणीत आपले धारवाडही आहे. अमेरिकन जातीचे बी आणून १८४० च्या दशकापासून आपल्या भागात कापूस पिकविला जाऊ लागला आणि धारवाड-अमेरिकन नावाने तो परदेशी बाजारात ओळखला गेला. पण येथे रूळ नव्हते. गाठी बैलगाड्यांवर लादून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात न्याव्या लागत. हुबळी-धारवाडला रेल्वे आली ती नानांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, १८८० च्या दशकात, सदर्न मराठा रेल्वेच्या रूपाने. त्याआधी १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात धान्य वेळेवर न पोहोचल्याने या भागाचे अतोनात हाल झाले होते. नवा मार्ग टाकण्यामागे ते एक मोठे कारण होते. ही रेल्वे मीटर मापाची होती, दोन रुळांमध्ये बरोबर एक मीटर अंतर. आज दिसणारे १६७६ मिलिमीटरचे रुंद माप आपल्याकडे १९९० च्या दशकात आले.

मातृभाषेचा वाद

आता या चरित्रातील जो भाग आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, तो सांगतो. ज्या वर्षांत नाना रेल्वेसाठी झटत होते, त्याच वर्षांत ते बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये एक वेगळीच लढाई लढत होते. सर अर्स्किन पेरी हे बोर्डाचे अध्यक्ष होते. वरचे शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे, देशी भाषांवर फार खर्च करू नये, असा त्यांचा आग्रह होता. नाना, बोर्डावरील इतर हिंदी सभासद आणि कर्नल जर्विस यांनी याला विरोध केला. मूठभरांना इंग्रजीतून शिकवून ज्ञान खाली झिरपण्याची वाट पाहण्यापेक्षा सर्वांना त्यांच्या भाषेतून शिकवावे, असे त्यांचे मत होते. वाद सरकारपर्यंत गेला. शेवटी तडजोड झाली. वरच्या शिक्षणात इंग्रजी आली, पण प्राथमिक शाळांत मातृभाषेची जागा टिकली.

विचार करा, इंग्लंडहून इंजिन आणण्यासाठी ज्याने जिवाचे रान केले, तोच माणूस मुलांच्या तोंडची भाषा मात्र काढून घेऊ नका म्हणून अडून बसला. यात विसंगती आहे का? आम्हांला तसे वाटत नाही. नाना इंग्रजीचे शत्रू नव्हते. ते स्वतः ती उत्तम जाणत होते आणि इंग्रजी शिक्षणाच्या कॉलेजसाठी त्यांनी निधी जमविला होता. नवे ज्ञान जरूर यावे, पण ते सर्वांना समजेल अशा भाषेत उतरावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. गाडी घाट चढते ती पायथ्याचा मार्ग मजबूत असेल तरच.

हे तत्त्व न्यायाने वापरायचे तर ते फक्त मराठीपुरते ठेवून चालत नाही. त्या काळी आपल्या धारवाड भागात मराठीचे वर्चस्व होते आणि कन्नड घरच्या मुलांनाही शाळेत मराठीतून शिकावे लागे. डेप्युटी चन्नबसप्पा यांनी या मुलांना त्यांच्याच भाषेत शिक्षण मिळावे म्हणून आयुष्य वेचले आणि गावोगाव कन्नड शाळा उभ्या केल्या. मातृभाषेचा जो हक्क नाना मुंबईत मागत होते, तोच चन्नबसप्पा येथे मागत होते. या भूमीवर राहणाऱ्या आपण मराठी लोकांनी दोघांनाही सारखाच नमस्कार केला पाहिजे.

उत्तरायुष्य

नानांची सार्वजनिक कामे मोजू म्हटले तर पान पुरणार नाही. २६ ऑगस्ट १८५२ रोजी बॉम्बे असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. हिंदी लोकांच्या तक्रारी थेट ब्रिटिश पार्लमेंटपुढे मांडणारी ही पश्चिम भारतातील पहिली राजकीय संस्था. तिचे नेतृत्व नानांकडे होते. तरुण दादाभाई नौरोजी आणि डॉ. भाऊ दाजी लाड हे त्यांचे सहकारी. ग्रँट रोडवर त्यांनी दिलेल्या जागेवर नाट्यगृह उभे राहिले आणि १८५३ साली तेथे विष्णुदास भावे यांच्या सांगलीच्या नाटक मंडळीने मराठी खेळ केले. भावे यांना नाटकाची प्रेरणा कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळांवरून मिळाली होती, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते.

१८५७ च्या उठावात नानांचा हात असल्याचा संशय सरकारला आला. चौकशी झाली आणि ते निर्दोष ठरले. ज्यांच्याशी आयुष्यभर सहकार्य केले, त्यांनीच संशय घ्यावा हा प्रसंग साधा नव्हता. पण नानांनी कडवटपणा धरून लोकांची कामे सोडली नाहीत. १८६२ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद झाले. राणीची बाग आणि तेथील वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीतही त्यांचा वाटा होता.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि युद्ध थांबताच कोसळले. १८६५ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. त्याच महिन्यात, ३१ जुलै रोजी, नानांनी देह ठेवला. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. गिरगावातील एका मोठ्या रस्त्याला त्यांचे नाव आहे.

पण आम्हांला विचाराल तर त्यांचे खरे स्मारक म्हणजे मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतात अव्वल येणाऱ्यास मिळणारी जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुख यांना मिळाली, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री झाले. तेव्हा धारवाड जिल्हा मुंबई इलाख्यात होता. येथील मुलेही त्याच परीक्षेला बसत आणि ही शिष्यवृत्ती आपल्याला मिळावी म्हणून रात्री कंदिलाखाली रूपे पाठ करीत.

आपल्यासाठी

आमचे स्वतःचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. घरी मराठी, बाजारात कन्नड, कॉलेजात हिंदी आणि नोकरीत इंग्रजी. एकीमुळे दुसरीचे नुकसान झाले असे कधी वाटले नाही. मात्र हिशेब मनातल्या मनात आजही मराठीतच होतो. पाढे लहानपणी ज्या भाषेत म्हटले, ती भाषा आतपर्यंत जाते.

दर वर्षी जून महिन्यात काही पालक कार्यालयात येतात. मुलाचे पुढे काय होणार, मराठीतून शिकून तो मागे तर राहणार नाही ना, या काळजीने दाखला मागतात. त्यांची काळजी खोटी नाही आणि आम्ही तिची चेष्टा करीत नाही. पहिलीचा पट गेल्या काही वर्षांत घटला आहे, हेही आपणांपासून लपवीत नाही. निर्णय पालकांनीच घ्यावयाचा आहे. आमची विनंती एवढीच की तो घेताना नानांचा विचार क्षणभर समोर ठेवावा. जगातील नव्यातली नवी गोष्ट आपल्या दारात आणावी, पण ती समजून घेण्याची मुलाची स्वतःची वाणी त्याच्याकडून काढून घेऊ नये.

म्हणून येत्या १० फेब्रुवारीस शाळेत नाना शंकरशेट जयंती साजरी होईल. पाचवी ते सातवीच्या मुलांनी आपल्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याला भेटून त्यांच्या कामाची माहिती मराठीत एक पानभर लिहून आणावी. ज्यांच्या शेजारी कन्नड आजोबा असतील, त्यांनी कन्नडमध्ये विचारावे आणि मराठीत लिहावे. निवडक पाने पुढील अंकात छापू. आजी-आजोबांनी या कामी मुलांना वेळ द्यावा, ही नम्र विनंती.

आपले,
मुख्याध्यापक